ताईचं बोट

आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतलं पुस्तकांचं पान माझ्याकडे आहे. प्रकाशकांकडून आलेली पुस्तकं माझ्या टेबलावर साचतात आणि त्यांतली कोणती सुचवायची ते मी ठरवतो. एक प्रेमकथा, एक इतिहास, एक अद्भुत सफर असं ताट वाढलं की कुणी फारशी तक्रार करत नाही. निवड मी पहिल्या पानावरून करतो. शेवटचं पान आधी बघायचं नाही, हा माझा नियम.

ताईच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती शुद्धीवर येईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तिच्याशी बोलत राहा. ऐकू येत असण्याची शक्यता आहे." आम्ही भावंडं फार बोलणारी कधीच नव्हतो. म्हणून टेबलावरची तीन पुस्तकं पिशवीत टाकून मी दुपारी इस्पितळात गेलो. ताजी होती, दुकानात पोचायची होती.

"कोणतं आधी?" मी भाचीला विचारलं. तिला आईशिवाय घरात दुसरं कुणी नाही. खुर्चीतच तिचा मुक्काम होता.

तिने वरचं उचललं. "प्रेमकथा? मामा, आईने डोळे उघडले ना, तर हेच तुझ्या टाळक्यात घालेल."

"घालू दे की. त्यासाठीच आणलंय."

भाची हसली. खूप दिवसांनी.

ताई आमच्याच दैनिकात मुद्रितशोधक होती. मी नवखा असताना तिच्यासमोर बसायचो. मी मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि तिने छापील कागदावर नजर ठेवायची. वाक्य बरोबर उतरलं असेल तर पूर्णविरामाला तिची तर्जनी टेबलावर पडायची. टक. म्हणजे पुढे चल. चूक असेल तर टक नाही. मी घाई केली की म्हणायची, "सावकाश. गाडी सुटत नाहीये तुझी."

खोलीत जंतुनाशकाचा वास होता. खिडकीखाली गाड्या लावायची जागा, पलंगाजवळ मॉनिटर. मी पहिलं वाक्य वाचलं.

टक.

ताईचं नख पलंगाच्या लोखंडी कठड्यावर पडलं होतं. मी दुसरं वाक्य वाचलं. टक.

"ऐकतेय ती!" भाची रडायलाच लागली.

नर्स म्हणाली, "होतं असं. आपण झोपेत कूस बदलतो ना, तसंच. फार मनावर घेऊ नका."

बातमीची खातरजमा करायची सवय सुटत नाही. मी मुद्दाम मधली काही वाक्यं गाळली. गाळलेल्या वाक्यांचे ठोके बोटाने पुरे केले आणि मग ते माझ्यासाठी थांबलं. मी तोंड मिटून नुसती नजर फिरवली. ठोके बरोबर जागी पडत राहिले. पुस्तक ताईने कधी पाहिलेलं नव्हतं, पाहणं शक्यच नव्हतं.

मग बोट माझ्या पुढे गेलं. मी पान उलटायच्या आत त्या पानाचे ठोके झालेले असायचे. कथेतले दोघं प्रेमिक माझ्या पानावर अजून भांडत होते आणि ताई कुठल्या कुठे पोचली होती. मी पुस्तक मिटलं तरी ती थांबेना. ठोके चालले, चालले, आणि बंद पडले. बराच वेळ काहीच नाही.

मग एकच, जोराचा. टक.

मॉनिटरवरची रेघ सपाट झाली.

आम्हाला बाहेर काढलं. दार उघडून डॉक्टर आले तेव्हा त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. "परत आणलंय," ते म्हणाले. "थोडक्यात वाचल्या."

त्या व्हरांड्यात मी माझा नियम मोडला. प्रेमकथेच्या शेवटच्या पानावर मजकूर अर्ध्यातच तुटला होता. खाली बरीच कोरी जागा होती आणि तळाशी एकच वाक्य, ताईच्या शेवटच्या ठोक्यासारखं.

मी भाचीला काही सांगितलं नाही. पुन्हा वाचायचं नाही, एवढं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा ती आईला इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवत होती. कुठल्याशा विसरलेल्या वेढ्याची हकीकत होती. "बघ ना, किती शांत झालीये."

मी पुस्तक हिसकावलं. बोट चालूच राहिलं. मग मी भाचीला सगळं सांगितलं. तिने त्या पुस्तकाच्या जाडीकडे पाहिलं आणि नंतर आईच्या बोटाकडे. वेग वाढत होता.

"म्हणजे हे संपलं की..."

"माहीत नाही."

"मामा, ते तिसरं घे. नकाशा गिळणाऱ्या मुलीची सफर."

"तीही संपेलच ना?"

"नाही! हा मधला भाग आहे, आधीचे माझ्याकडे घरी आहेत. शेवटचा भाग लेखकाने लिहिलेलाच नाही. याच भागाची वाट बघून सगळे कंटाळले होते. पुढचं सुचतच नाही म्हणतो."

मी ती सफर उघडून जवळजवळ ओरडतच वाचायला लागलो. बोट हवेत थांबलं. वाट चुकल्यासारखं थरथरलं. मग माझ्या वाक्याला पडलं. टक. मॉनिटर शांत होता.

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली निवड होती, असं मला वाटलं. भाचीने घरचे भाग आणले आणि आम्ही पाळीपाळीने वाचलं. ताई पुढे धावत होती, पण आता धावू दे. छापलेलं सगळं संपलं तेव्हा भाची आईचे पाय धरून बसली होती. शेवटचा ठोका पडला. बोट थांबलं.

रेघ नाचत राहिली.

पुढचे दिवस सुखाचे गेले. ताईच्या गालांवर रंग आला. "सुधारणा आहे," डॉक्टर म्हणाले. नर्ससुद्धा म्हणाली, "तुमच्या वाचनाला गुण आहे हो!"

मग एका दुपारी बोट पुन्हा हललं. टक.

हे ठोके वेगळे होते. एक पडायचा आणि मग कितीतरी वेळ काही नाही. मग भराभर दोन-तीन. पुन्हा शांतता. वाचणारा माणूस असा वाचत नाही.

मी बाहेर जाऊन त्या सफरीच्या प्रकाशकाला फोन लावला. जुनी ओळख होती.

"शेवटच्या भागाचं काय?" मी विचारलं.

"च्यायला, तुम्हा पत्रकारांना वास कसा लागतो रे? इतक्यात छापू नकोस हं. बसलाय गडी लिहायला!"

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस. म्हणतो, वाक्य जमलं की नख आपटल्यासारखा आवाज येतो. नाही आला की खोडायचं आणि पुन्हा लिहायचं. लेखकांची तऱ्हा, आपण काय बोलणार?"

"कुठवर आलंय?"

"शेवटचं प्रकरण. आज-उद्यात हातावेगळं करेल."

"त्याला थांबव."

"काय?"

"काहीही कर. थांबव त्याला."

"डोकं फिरलं का तुझं?" तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

मी धावत परत आलो. भाची हाती लागेल ते मोठ्याने वाचत होती. इतिहास, प्रेमकथा, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर. बोट वळून बघत नव्हतं. मी वाकून ताईची तर्जनी मुठीत पकडली. तिने आतून जोर केला. झोपलेल्या माणसाचा नव्हता तो जोर. मी सोडली नाही.

संध्याकाळी प्रकाशकाचाच फोन आला. आवाज उतरलेला होता. "नजर लावलीस बघ. अडलाय तो. शेवटचं एक वाक्य राहिलंय. आवाज येत नाही म्हणतो."

तेव्हापासून आम्ही पाळीपाळीने बोट धरून बसतो. नर्सला वाटतं, मायेने बसलो आहोत.

आज दुपारपासून माझी पाळी आहे. ताईचं बोट माझ्या मुठीत आहे. सकाळपासून त्याने जोर करणं सोडून दिलं आहे. ते सैल, कोमट पडून आहे. दमली असेल, असं मला वाटलं. भाचीही दमली होती. पलंगाच्या पलीकडे खुर्चीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. तिचा हात कठड्यावर होता.

खोलीत पडदा हलला तेवढाच आवाज.

मी मूठ आणखी घट्ट केली.

टक.

माझ्या मुठीत काहीच हललं नव्हतं.

मी वर पाहिलं. भाची गाढ झोपेत होती. तिची तर्जनी कठड्यावर नुकतीच टेकली होती.

माझ्या खिशात फोन वाजू लागला.