वारेवाल्याचा चहा

दार वाजलं तेव्हा सुईच्या तोंडात टाचण्या होत्या. एका हातात अर्धवट बाही, दुसऱ्या हातात खडू आणि ओठांत ओळीनं धरलेल्या टाचण्या, अशा अवतारात तिनं दार उघडलं. बाहेर एक अर्धा भिजलेला तरुण उभा होता. बगलेत फाइल, आणि कोटाचं मधलं बटण जेमतेम एका धाग्यावर लोंबत होतं.

"निवृत्त पोस्टमास्तरांचं घर हेच ना?"

सुईनं मान हलवली. नाही.

"मग पुढचं?"

मान हलली. हो.

तो जरा वाकला आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं म्हणाला, "तुम्हाला... बोलता... येत नाही का?"

सुईनं टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. "येतं की! पण तुम्ही एकट्यानंच इतकं छान बोलत होतात, म्हटलं कशाला मध्ये पडा."

बिचारा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. बाबांनी लेकीला 'सुई' हे नाव शिवणकामावरून दिलेलं नव्हतं, जिभेवरून दिलं होतं, हे त्याला कुठून माहीत असणार? पण लाजून निघून जायचं सोडून तो तिच्या खांद्यावरून आत बघत राहिला. सुईनं भुवया चढवल्या. मग तिच्या लक्षात आलं, स्वारी तिच्याकडे बघतच नव्हती. मागच्या पडद्याकडे बघत होती.

"ती खिडकी बंद आहे?"

"बंद आहे."

"मग पडदा का हलतोय?"

आतल्या खोलीतून बाबांच्या खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबली नाही. त्या तरुणानं पायपुसण्यावर बूट पुसले आणि विचारलं, "आत येऊ?"

तो घरदुरुस्ती मदत कार्यालयातला पाहणी करणारा होता. घर स्वतःचं आहे पण कमाई बेताची, अशा लोकांची गळकी छपरं, फटीच्या खिडक्या, ओल धरलेल्या भिंती कार्यालय आपल्या खर्चानं दुरुस्त करून देत होतं. सुईच्या घरात यातलं सगळंच होतं. फक्त आपल्यासाठी अशी काही सोय आहे, याचा पत्ता नव्हता.

बाबांनी ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हणाले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, ताठा कुठे जाणार? "हे घर मी बस चालवून, माझ्या घामावर उभं केलंय. कुणापुढे हात पसरणार नाही."

"काका," तो म्हणाला, "थंडीत शेवटच्या स्टॉपचा एकच प्रवासी बसमध्ये असला, तर तुम्ही बस मध्येच उभी करायचात?"

"छे! एक असो नाहीतर पन्नास. बस सगळ्यांची असते."

"ही योजनापण सगळ्यांचीच आहे. बस दारात आलीये काका, चढा ना."

बाबा हसले. हसता हसता खोकले, पण हसले. सुईनं त्या भिजक्या माणसाकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

मग त्यानं खिसे चाचपायला सुरुवात केली. वारा कुठून शिरतो ते शोधायला तो दोरा वापरायचा, आणि आज नेमका दोरा हरवला होता. सुईनं रिळावरून हातभर नारिंगी धागा तोडून दिला. तो धागा चिमटीत धरून तो चौकटींच्या कडेकडेनं फिरवू लागला. धागा हलला, की तिथे फट. धागा सगळ्या घरात थोडाथोडा हलला, आणि सुईच्या मशीनजवळच्या खिडकीशी तर नाचायलाच लागला.

"तुम्ही इथे बसून शिवता?" त्यानं विचारलं. "बोटं गारठत नाहीत?"

कपडे कधी मिळतील, हे सुईला सगळं गाव विचारायचं. बोटांचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. "सवय आहे," एवढंच म्हणून ती चहा टाकायला पळाली.

चहा आला तसा तो दोन पावलं मागे सरकला. "माफ करा, पण... काम पुरं होईपर्यंत त्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असा आमचा नियम आहे."

"मग बटण तरी लावून देते. पडेल आता."

"तेही नाही. घरच्यांशी कसलाही संबंध दिसला की कागद दुसऱ्याकडे जातात, रांगेच्या पार शेवटी. आणि काकांचा खोकला रांगेत उभा राहणार नाही."

"म्हणजे काम होईपर्यंत तुम्ही आमचे कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"आणि झाल्यावर?"

तो धागा बोटाभोवती गुंडाळत राहिला. "झाल्यावर... चहा घेईन. बटण लावून घेईन. आणि मग... बघू."

सुईनं दोन्ही कप त्याच्यासमोरच संपवले. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "वारेवाला बरा आहे गं." तेव्हापासून त्याचं नाव वारेवाला पडलं.

कामाला मंजुरी मिळाली आणि घराचा कायापालट सुरू झाला. छपराचे पत्रे बदलले. भिंतींना आतून ऊब धरणारं अस्तर लागलं. "तुम्ही कोटाला लावता ना, तसंच," वारेवाल्यानं समजावलं. पाणी तापवायला नवा बंब आला. कारागीर आपलं काम चोख करत होते, तरी वारेवाला ते बघायला येई, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच येई. दर वेळी सुई चहा समोर धरायची, तो मान हलवायचा, ती मजेत दोन्ही कप प्यायची.

"तुमच्यामुळे माझी झोप उडालीये," एकदा ती म्हणाली.

तो दचकला. "मी... काय केलं?"

"रोज दुप्पट चहा पितेय ना!"

आणि त्या लोंबत्या बटणाला बोट लावून, चटकन मागे घेऊन, "अजून पडलं नाही हो हे?"

"त्यालाही काम पुरं व्हायची वाट बघायला सांगितलंय," तो म्हणाला. आणि मग दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

बाबांचा खोकला कमी झाला. रात्री ते शांत झोपू लागले. राहिल्या होत्या फक्त खिडक्या. त्याही बसल्या, चौकटींना काळ्या रबराच्या पट्ट्या लागल्या. आता वारेवाल्याची शेवटची पाहणी तेवढी बाकी होती.

सुईला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण आदल्या दिवशी शेजारच्या काकू नवी खिडकी बघायला आल्या आणि बोलून गेल्या, "सरकारी माणसं गं ती, गोडच बोलतात. फाइल मिटली की ओळखही मिटली." झालं! सुईच्या मनात घर केलं त्या बोलण्यानं. खरंच, 'बघू' म्हणाला होता तो. बघू म्हणजे काय? त्यापलीकडे तर चकार शब्द नाही. उद्या हसून नमस्कार करेल, निघून जाईल, पुन्हा कशाला येईल? निदान अजून एक खेप... एकच खेप जास्त मिळाली तर आपण स्वतःहून विचारू.

दिवेलागणीला तिनं मशीनजवळच्या खिडकीची पट्टी कात्रीनं कापली. वीतभर तुकडा काढून शिवणाच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी वारेवाला आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. केस चापून बसवलेले, कोट तोच, बटण तसंच. हातात खाऊचा पुडा होता, तो त्यानं दाराशीच खुर्चीवर ठेवला. "हे... नंतर. चहाबरोबर." आणि खिशातून तोच नारिंगी धागा काढला. इतके महिने त्यानं तो जपून ठेवला होता.

सुईनं खुर्चीवरच्या पुड्याकडे बघितलं. हा तर ठरवूनच आलाय! आता धावत जाऊन ती पट्टी... पण तो खोलीत पोचलाही होता.

सगळीकडे धागा निश्चल राहिला. मशीनजवळच्या खिडकीशी आला आणि हलला.

वारेवाल्यानं खाली वाकून बघितलं. कापल्याची कड सरळ, स्वच्छ होती. त्यानं तिच्याकडे बघितलं. बाबा दारातच उभे होते.

"पट्टी कापलीये कुणीतरी," तो हळूच म्हणाला.

हीच वेळ होती. 'हो, मी कापली, तुमच्यासाठी,' एवढं म्हणायचं होतं. पण बाबांसमोर, चोरी पकडल्यासारखं... सुईची जीभ भलतीकडेच धावली. "उंदरानं कुरतडली असेल."

"उंदीर इतकं सरळ कापत नाहीत."

"मग नसेल! राहू दे ना. मला काही घाई नाही काम संपायची."

मग त्यानं धागा खिडकीच्या कडीला बांधला, हळूच गाठ मारली. "बरोबर आहे," तो म्हणाला. "घाई... मलाच झाली होती." शेवटची पाहणी अपुरी राहिली की पुढची दुसरं कुणीतरी करतं, असाही एक नियम होता. तो सुईला त्यानं त्या दिवशी, निघताना सांगितला. खाऊचा पुडा खुर्चीवरच राहिला.

पुढच्या आठवड्यात चष्मेवाल्या एक बाई आल्या, नवी पट्टी बघितली, सही केली आणि स्वतःहून चहा मागितला. "ते आधीचे?" सुईनं कप धुता धुता विचारलं. "त्यांनी लांबच्या कार्यालयात बदली मागून घेतली," बाई म्हणाल्या. सुई एकदा त्या लांबच्या गावच्या बसमध्ये बसलीही. पण बस सुटायच्या आत उतरली. ज्याला बदली मागून घ्यावीशी वाटली, त्याच्या दारात कुठल्या तोंडानं जायचं? सगळ्या गावाला टोचणारी सुई स्वतःच्या बाबतीत अशी बोथट निघाली, आणि त्याचं तिला फार वाईट वाटत राहिलं.

घर मात्र छान उबदार राहिलं. थंडी आली, गेली, बाबा खोकले नाहीत.

पुन्हा थंडी आली तेव्हा दार वाजलं. सुईच्या तोंडात टाचण्या होत्या.

"वर्षानंतरची पाहणी असते," दारात उभा असलेला वारेवाला म्हणाला. "काम टिकलंय का ते बघायला. कुणीही येऊ शकतं... मी मागून घेतली."

सुईनं टाचण्या काढल्या. काहीतरी बोलणार, तोच तिची नजर कोटावर गेली. मधलं बटण घट्ट बसलं होतं. पांढऱ्या दोऱ्यानं, एकाशेजारी एक समांतर टाक्यांनी. बटण लावावं तर फुलीसारखे, एकमेकांना छेदणारे टाके घालून, असं सुई कुणालाही सांगायची. आणि हे पुरुषाच्या हातचं काम नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तरी, नवशिक्या पण मायेनं फिरलेल्या हाताचं होतं.

"लग्न झालं?" तिनं विचारलं.

त्याचा हात बटणावर गेला. "पुढच्या महिन्यात आहे. घरच्यांनी बघितलं... चांगली आहे ती."

"बटण पक्कं लावलंय," सुई म्हणाली.

त्यानं पाहणी केली. कडीचा नारिंगी धागा अजून तिथेच होता. त्यानं त्याचं मोकळं टोक पट्टीजवळ धरलं. धागा हलला नाही. तिच्याकडे न बघताच त्यानं विचारलं, "पट्टी का कापलीत तेव्हा?"

"तुम्ही आणखी एकदा यावं म्हणून."

त्यानं धाग्याचं टोक सोडून दिलं. "मला वाटलं," अखेर तो म्हणाला, "काम संपू नये म्हणून. मी तुमचा कोणी होऊ नये... कोणीच नव्हतो, तसंच राहावं म्हणून."

"विचारायचं होतंत."

"सांगायचं होतंत."

दोघंही हसले. हसू धड ओठांवर टिकलं नाही. सुईनं चहा टाकला. आज कुठला नियम आड येत नव्हता. तो मशीनजवळच्या स्टुलावर बसला, दोन्ही हातांनी कप धरून त्यानं चहा संपवला, अगदी तळाच्या घोटापर्यंत. "मला वाटलं होतं तसाच आहे," तो म्हणाला. कप त्यानं स्वतःच विसळून ठेवला, बाबांच्या पाया पडला आणि निघाला.

सुईनं खिडकी उघडली. कोपऱ्यापर्यंत तो दिसला. वळताना त्यानं मागे बघितलं, हात थोडासा उचलला, मग कोटाची बटणं लावत दिसेनासा झाला. गार वारा आत आला, कडीचा धागा फडफडायला लागला.

"सुई!" आतून बाबा ओरडले. "खिडकी लाव गं, वारा येतोय."

"येऊ दे बाबा," ती म्हणाली. "थोडा वेळ येऊ दे."