उष्टी हळद

आगरी हळदीला पांढराशुभ्र शर्ट घालून येणारा माणूस एकतर फार धीट असावा, नाहीतर बाहेरचा. शौनक बाहेरचा होता. राहायला खांदेश्वरला, मूळ घर साताऱ्याकडचं, आणि न्हावा शेव्याच्या ऑफिसात नवरदेव दिपेशच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मित्राचं लग्न म्हणून बिचारा कडक इस्त्री करून हळदीला आला, आणि मांडवात नीट पाऊल टाकायच्या आत त्याच्या छातीवर कुणाचा तरी पिवळाधमक पंजा उमटला.

स्नेहलनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मांडवामागच्या नळावर. शर्टाचा पुढचा भाग ओढून धरून हे महाशय त्यावर कपड्यांचा साबण घासत होते. घासता घासता त्यांचा हात थांबला आणि चेहरा पांढरा पडला.

"अहो... रक्त!"

स्नेहल जवळ गेली. पिवळा पंजा खरंच लालभडक झाला होता.

"कुठं दुखतंय?" तिनं गंभीरपणे विचारलं.

"दुखत नाहीये कुठंच. तेच तर—"

"मग वाचाल तुम्ही." तिला हसू आवरेना. "हळदीला साबण लावलात. ती लाल होणारच."

सरबतासाठी कापून ठेवलेल्या लिंबांतली एक फोड तिनं आणली आणि डागावर पिळली. रस पडला तिथं लाल रंग मागं सरला. बघता बघता पंजा पुन्हा पिवळा झाला. शौनक आ वासून स्वतःच्याच छातीकडे बघत राहिला.

"परत करा ना," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"ते... परत एकदा."

तिनं साबण लावला. लाल. लिंबू पिळलं. पिवळं. पुन्हा साबण, पुन्हा लिंबू. मांडवात बँजो दणाणत होता, पोरं बेभान नाचत होती, आणि मागं नळाशी दोन शहाणीसुरती माणसं एका डागात हरवून गेली होती. हा प्रयोग स्नेहल दरवर्षी सातवीच्या वर्गात करायची. पण एवढ्या मोठ्या माणसानं इतक्या कोवळ्या नजरेनं तो बघितलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"सातवीत मी शिकवते हे. तुम्ही कुठं होतात?"

"शेवटच्या बाकावर. तुमच्यासारख्या बाई असत्या तर पहिल्या बाकावर बसलो असतो."

"शर्ट कडक उन्हात वाळवा," ती घाईनं म्हणाली. "डाग उडून जातो."

एवढ्यात मांडवातून शेवंताकाकीचा आवाज आला. शेवंताबाई म्हणजे दिपेशची आई, स्नेहलची सख्खी काकी. "स्नेहल गो, तू मागंच थांब हां बाय. हलदीच्या ताटाला हात नको लावू."

काकीनं ते मायेनंच सांगितलं होतं. म्हणून तर जास्त लागलं. शौनकनं तिच्याकडे बघितलं आणि वाहता नळ बंद केला.

डागाचं निमित्त करून त्यानं दिपेशकडून तिचा नंबर मिळवला, आणि मग त्याच्या शंकांना ऊतच आला.

'देवघरातला कापूर गायब. भौतिक बदल की रासायनिक?'

'भौतिक. कापूरच आहे, फक्त हवेत गेलाय. वास येतोय ना?'

'यार्डात कंटेनरला गंज चढलाय.'

'रासायनिक. ते आता लोखंड राहिलं नाही.'

'लाइट गेली, मेणबत्ती लावलीय.'

'दोन्ही. वितळतंय ते भौतिक, जळतंय ते रासायनिक.'

यावर उत्तर उशिरा आलं, 'अर्धा तास नुसता बघत बसलोय. एवढ्याशा वातीत दोन दोन गोष्टी चालू असतात? आपण कसल्या भन्नाट जगात राहतो हो... आणि मी वीस मिनिटं लाइटवाल्यांना शिव्या देत होतो!'

स्नेहल फोन छातीशी धरून खिडकीत उभी राहिली. त्या दिवसापासून तिलाही दिसायला लागलं. चहात विरघळणारी साखर, विरजणात रात्रभर गुपचूप बदलणारं दूध, तव्यावर फुगणारी भाकरी, खाडीच्या पाण्यातून उजळणारं पांढरं मीठ. इतकी वर्षं शिकवत होती बया, पण थक्क व्हायचं राहूनच गेलं होतं.

एकदा त्यानं फोनच केला. "बाई, कळलं मला! परत फिरतं ते भौतिक, परत फिरत नाही ते रासायनिक. बरोबर?"

"चूक. सगळी मुलं हेच लिहितात. काच फुटली तर परत जुळते का? पण तुकडा काचेचाच राहतो. भौतिक बदल. आणि तुमची हळद लाल झाली नि परत फिरली, तरी तो रासायनिक. परत फिरतं का ते बघायचंच नाही. नवीन पदार्थ तयार झाला का, एवढंच विचारायचं."

"म्हणजे फुटली तरी काच ती काचच?"

"काचच."

"...भारीच आहे हे," तो म्हणाला.

हे सगळं गोड चाललं होतं आणि म्हणूनच स्नेहलचा जीव खालीवर होत होता. कारण शौनकला एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती सांगितली तर हे शंका विचारणं बंद होईल, आणि न सांगता पुढं जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

शेवटी त्यानंच खांदेश्वरच्या तलावावर भेटायला बोलावलं. शाळा सुटल्यावर ती तशीच गेली, खांद्याला पिशवी, बोटं प्रयोगाच्या हळदीनं पिवळी. तो आधीच येऊन पायरीवर बसला होता. अंगात तोच पांढरा शर्ट, आणि छातीवर तोच पंजा.

"उन्हात वाळवायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"गेला असता ना तो..." शौनक पाण्याकडे बघत म्हणाला. "आईनं दोनदा गच्चीवर टाकला. दोनदा मी गुपचूप आत आणला. स्नेहल, मला तू... म्हणजे तुम्ही... आईला सांगितलंय मी. आवडता तुम्ही मला. फार."

तलावावरचा वारा थांबल्यासारखा वाटला तिला. मग तिनं सांगून टाकलं.

"मला हळद लागलीय, शौनक. दोन वर्षांपूर्वी. मांडव घातला होता, धवलारीण लग्नाची गाणी गात होती. मुलाची उष्टी हळद आली, मला लावली. आणि लग्नाच्या सकाळी त्यानं फोन बंद करून टाकला. तो आलाच नाही." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मोरीत बसून साबणानं धुतली मी ती. काकी पाणी ओतत होती. सगळं पाणी लाल... मला माहीत होतं का होतंय ते! मीच शिकवते ना! तरी त्या पाण्याकडे बघून मी ओरडून रडले. तेव्हापासून घरात हळदीला मला कुणी हात लावू देत नाही. हळद लागलेली पोरगी. मलाही वाटतं, मी आता ती राहिलेच नाही."

शौनकनं शर्टावरच्या पंजाकडे बघितलं. तिनं मनात हिशेब मिटवला, आता हा उठेल.

"बाई, एक शंका आहे," तो म्हणाला.

"आत्ता?"

"आत्ताच. बदल झाला खरा. पण कुठला, ते कसं ठरवायचं?"

"नवीन पदार्थ..." ती म्हणता म्हणता थांबली.

"झाला?"

ती विचारात पडली. ती आताही झुरळाला घाबरत होती. वर्ग हसला की आताही आधी तिलाच हसू फुटायचं. भरतीचा वास आला की आताही तिची पावलं खाडीकडे वळायची. दुखलं होतं, तडा गेला होता, सगळं खरं. पण तुकडान् तुकडा तिचाच होता. इतकी वर्षं ती मुलांना जे शिकवत होती, ते या दोन वर्षांत तिनं स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "नाही झाला."

मग तिनं पिशवीतून डबी काढली. आजच्या तासाला कालवलेली, थोडी उरलेली हळद. बोटानं तिनं ती शौनकच्या गालाला लावली.

"हे काय?"

"आमच्यात आधी मुलाला लावतात."

"आणि मग?"

"मग त्याची उष्टी... मुलीला."

शौनकनं स्वतःच्या गालावरची हळद बोटावर घेतली, आणि इतक्या हलक्या हातानं तिच्या गालाला लावली की तिनं डोळेच मिटून घेतले. पायरीवरच्या दोन आज्या मान वळवून बघत होत्या. बघू देत, तिला वाटलं.

ती घरी पोचली तेव्हा शेवंताकाकी दारातच तांदूळ निवडत बसली होती. काकीनं वर बघितलं. गालावर नजर गेली आणि तिचा हात सुपातच थांबला. स्नेहल उंबऱ्याबाहेर उभी राहिली. बोलणी खायची तयारी ठेवूनच आली होती ती.

"कुनाची हाय?" काकीनं विचारलं.

"दिपेशच्या हळदीला आलेल्या पाहुण्याची. त्याच्या ऑफिसातला तो, पांढऱ्या शर्टातला."

काकीनं सूप बाजूला ठेवलं. मग तिनं पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले.

"आत ये," ती म्हणाली. "आन् साबन नको लावू गो बाय."