भुजलीचं नाव

मे महिन्यात आम्ही लाखांदूरला एसटीतून उतरलो, तेव्हा माझा भाऊ तेजराम ऑटो घेऊन उभा होता. पुण्याहून आम्ही तिघं आलो होतो: मी, माझा नवरा कैलाश आणि इयत्ता तिसरी संपवलेली आमची मुलगी. ती लग्नानंतर फार वर्षांनी झाली. तिचं नाव मी त्या वाट पाहण्यावरूनच ठेवलं होतं.

गावच्या तलावात मधोमध एक डबकं उरलं होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा आंबूस गोड वास घरभर होता. तेजराम नावानं हाक मारायचा आणि मुलगी अनवाणी कैऱ्या वेचायला धावायची.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन माझ्या बालमैत्रिणीकडे, पंचफुलाकडे निघाले. या मैत्रिणीचं नाव आता लिहायला हरकत नाही. वच्छला वहिनीनं मला दारातच थांबवलं.

"भुजलीकडे जाता ना ताई? नाव नोका घेऊ तिचं."

"काहून?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"कायले पुसता? नाही घेत, मंजे नाही घेत."

आमच्याकडे श्रावणात टोपलीत गहू पेरतात आणि अंधाऱ्या खोलीत ठेवतात. उजेड नसल्यानं हरितद्रव्य तयार होत नाही, रोपं पिवळी राहतात. ती भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती तलावात शिरवतात, म्हणजे विसर्जित करतात. ज्या दोन मुली तिची रोपं एकमेकींच्या कानामागे खोवतात, त्या जन्मभरासाठी एकमेकींच्या भुजली होतात. मग हाक 'भुजली' अशीच मारायची, नाव घ्यायचं नाही. पंचफुला आणि मी सहावीत असताना भुजली झालो.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत नावाची चिठ्ठी नसलेली बाटली आम्ही ठेवत नाही, ओतून देतो. नाव म्हणजे माझ्या दृष्टीनं चिठ्ठी. तेवढंच.

पंचफुला ओसरीवर मोहफुलं निवडत होती. शेजारी तिची सासू मंदाबाई बसली होती.

"पुन्याचं पानी लागलं वो तुले, भुजली. गोरी झाली."

"तू मात्र आहेस तशीच."

"तशीच कुठची? दात पाह्य माहे." तिनं तोंड उघडून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो.

मंदाबाईनं सगळ्यांना पन्हं दिलं. तेव्हा मला कोपऱ्यातली मुलगी दिसली. माझ्या मुलीएवढीच होती. ती आमच्या ग्लासांकडे बघत होती.

"हिला?" मी विचारलं.

मंदाबाई दचकली. "हाव बाप्पा. हे बी हाय."

"तुझीच ना? नाव काय हिचं?"

"तिले नाव नाही," पंचफुला म्हणाली.

"होतं काहीतरी," मंदाबाई पुटपुटली.

मला ती थट्टा वाटली. पंचफुलानं माझ्या मुलीला जवळ घेऊन नाव विचारलं. मुलीनं स्पष्ट सांगितलं. पंचफुलानं ते हळूच म्हणून पाहिलं, परत एकदा म्हणून पाहिलं.

"आणि तुमचं?" मुलीनं विचारलं.

"तुह्या मायले पूस."

मुलगी माझ्याकडे बघू लागली. लेकरापुढे अंधश्रद्धा कशाला, असं माझ्या मनात आलं.

"पंचफुला मावशी," मी म्हणाले.

मंदाबाईनं ग्लास खाली ठेवला. पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मी नाही मनलं," ती म्हणाली. "तूच मनलं, भुजली."

त्याच संध्याकाळी तेजराम आंब्याखालून ओरडला, "अगे... ए..." आणि तोंड उघडं ठेवून थांबला. मग स्वतःशीच हसला. "ऊन लागलं वाटते डोक्याले."

कैलाश तिला 'ए बाळा' म्हणू लागला. मी हाक मारायला तोंड उघडलं. विसरलेला शब्द निदान जिभेवर घोळतो. हा घोळत नव्हता. तो जिथे असायचा ती जागा गुळगुळीत होती. मुलीच्या पाण्याच्या बाटलीवर मी शाळेसाठी नाव चिकटवलं होतं. तिथे डिंकाचा चौकोन तेवढा होता.

"तुझं नाव सांग बरं," मी मुलीला म्हणाले.

ती हसली. मग विचार करू लागली. मग तिचं हसू गेलं.

"तू सांग ना, आई."

वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"मागच्या साली तुमच्या भुजलीनं घेतलं होतं तुमचं नाव. बजारात. माही भुजली पुन्याले प्रोफेसर हाय मनून. खुशीत बोलून गेली बिचारी."

"मग?"

"मंग काय? पाह्यली ना तुमी कोपऱ्यातली पोरगी?" तिनं खडे वेचून टाकले. "मी तं सांगतलं होतं तुमाले."

मी पंचफुलाकडे गेले. ती त्या मुलीची वेणी घालत होती.

"माझ्या मुलीचं नाव परत दे."

"कोनतं?" तिनं शांतपणे विचारलं. "सांग, देतो."

जो मागायचा होता, तोच शब्द माझ्याकडे नव्हता.

पंचफुलानं रिबिन बांधली. "प्रतीक्षा, मावशीले पानी आन बाई."

मुलगी उड्या मारत आत गेली.

छान नाव होतं. ते कुठून आलं असणार, हे तर्कानं मला कळत होतं. घरी येऊन मी तीच हाक मारली. माझ्या मुलीनं मान वळवली नाही. माझ्या तोंडातही ते दुसऱ्याच कुणाच्या मुलीचं नाव होतं.

आम्ही लवकर परत निघालो. निघताना वहिनीनं दोघांसाठीच दशम्या बांधून दिल्या. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

कारध्याला पुलाच्या अलीकडे बस थांबली. खाली वैनगंगेच्या वाळूवर ऊन थरथरत होतं. कैलाश उतरला आणि उसाचा रस घेऊन आला.

दोन ग्लास.

रस थंड होता, त्यात आलं होतं. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

मग खिडकीकडे पाहिलं.

ती माझ्या रिकाम्या ग्लासाकडे बघत होती. तिनं मागितलं नाही.