मिठाचं पाणी

तोकुजींनी करंगळी मिठाच्या पाण्यात बुडवली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले... आणि म्हणाले, "झालं. ओत पिठात."

"हो, बाबा," हिसाओ म्हणाला.

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आतल्या खोलीत गेला. लेकीच्या फोटोपुढची घंटी वाजली, उदबत्तीचा वास आला, आणि हिसाओनं श्वास रोखून ती भरलेली कळशी मोरीत रिकामी केली! आवाज होऊ नये म्हणून तो पाण्याच्या धारेखाली फडकं धरत असे. मग नवं पाणी, नवं मीठ, स्वतःच्या जिभेवर एक थेंब. उदबत्ती विझायच्या आत सगळं उरकायचं, आणि सासरा बाहेर येईल तेव्हा काहीच न घडल्यासारखं पीठ कालवत बसायचं. गेली दोन वर्षं एकही पहाट चुकली नव्हती.

तोकुजींची जीभ हळूहळू मेली होती, आणि तोकुजींना ते ठाऊक नव्हतं.

जपानातल्या सानुकीच्या मुलखात, तळ्याच्या बांधाखाली असलेलं तोकुजींच्या कुनिशिगे घराण्याचं ते उदोनचं, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांचं, दुकान तीन पिढ्यांचं. हवा दमट की कोरडी ते बघून मीठ बदलावं लागे. ते मापानं घालणाऱ्याला तोकुजी हसत. "जीभ देवानं कशाला दिलीय, नुसती बडबडायला?" असं म्हणत. त्या जिभेवर पंचक्रोशीचा विश्वास होता. आता ती गेलीय हे या माणसाला कोण सांगणार? सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठला नसता... एवढं हिसाओ ओळखून होता.

हिसाओ घरजावई. समुद्रातल्या इबुकी बेटावरून रश्श्यासाठी सुकी मासळी पोचवायला तो या दुकानात येई, आणि तोकुजींच्या एकुलत्या लेकीनं, मिसाएनं, पोतं उतरवायला हात लावला तो कायमचाच. कुनिशिगेंना मुलगा नव्हता. घराण्याचं नाव चालायला हवं होतं. हिसाओनं आपलं गोदा हे आडनाव सोडलं, होडी सोडली, समुद्र सोडला, आणि या वाफेनं भरलेल्या, खिडकी नसलेल्या खोलीत पायाखाली पीठ तुडवत बावीस वर्षं काढली. मूलबाळ झालं नाही. नऊ वर्षांपूर्वी मिसाए गेली, जाताना एवढंच म्हणाली, "बाबांना एकटं टाकू नका हं..." त्यानं मान हलवली. ती मान हलवणं म्हणजे आपल्याच हातानं लावून घेतलेली कडी आहे, हे तेव्हा त्याला कुठं कळलं होतं!

आणि आता थोरल्या भावाचं पत्र आलं होतं. 'माझी कंबर गेली. होडीला माणूस हवा. तू ये.' आठ दिवस ते पत्र त्याच्या सदऱ्यात होतं. राहावं तर जीव गुदमरतो, जावं तर दुसऱ्याच पहाटे खारट उदोन गावापुढे जाणार आणि म्हाताऱ्याची अब्रू चव्हाट्यावर येणार! ज्या दयेपोटी त्यानं हे सुरू केलं, तिनंच त्याला दाव्यासारखं खुंट्याला बांधून टाकलं होतं.

त्या दिवशी मिसाएचं श्राद्ध होतं. भिक्षू दुपारी यायचे होते. तोकुजींनी पाणी चाखलं, "झालं" म्हणाले, आणि जागचे हललेच नाहीत.

"बाबा... उदबत्ती?"

"आज भिक्षू आल्यावरच. दे इकडे, आज माझ्या लेकीच्या दिवसाचं पीठ मीच कालवतो."

हिसाओचा हात कळशीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. काय सांगणार होता तो? पाणी पिठात गेलं. जास्तीच्या मिठानं ते पायाखाली दगडासारखं लागलं. तो तुडवत राहिला, आणि घामाबरोबर डोळ्यांतलंही पाणी गळत राहिलं.

सकाळी नेहमीची रांग लागली. जो तो तबक घेई, "एक गुंडी", "दोन गुंड्या" म्हणून शिजवलेल्या शेवयांच्या गुंडाळ्यांनी वाडगा भरून घेई, जाळीच्या टोपलीत घालून आपलं आपण उकळत्या पाण्यात बुडवी, नळाखाली रस्सा घेई, वर पातीचा कांदा भुरभुरवी आणि बाकावर जाऊन बसे. या दुकानात वाढपी नव्हता. तोकुजी बाकांकडे पाठ करून चुलाणापाशी उभे असत. चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकांची तोंडं खाताना पाहिली नव्हती.

तेवढ्यात बाहेरगावच्या एका ट्रकवाल्यानं घास थुंकलाच. "अहो, हे काय! समुद्र उकळलाय की काय? आणि शिजलंय तरी का?"

दुकानातला सुर्र-सुर्र आवाज एकदम थांबला.

तोकुजी वळले. ट्रकवाल्याकडे नाही, हिसाओकडे. "पीठ कसं तुडवलंस? नीट तुडवलं नाहीस म्हणून कच्चं राहिलंय ना ते! आज, आजच्या दिवशी!"

सगळी रांग बघत होती. हिसाओनं कमरेत वाकून म्हटलं, "माझी चूक, बाबा."

"चूक! बावीस वर्षं शिकवतोय, पण बेटावरच्या माणसाला मासळी वाळवण्यापलीकडे काय येणार? माझी लेक तुझ्यात काय बघून भुलली देव जाणे. जा! चालता हो माझ्या घरातून!"

जा! ज्या शब्दासाठी आठ दिवस तो तडफडत होता तो शब्द असा तोंडावर येऊन आदळला... दार सताड उघडं होतं. सदऱ्यात पत्र होतं. आणि तरीही त्याचे पाय ओट्यामागून हलेनात. कारण उद्या पहाटे काय होणार, ते त्या खोलीत फक्त त्यालाच ठाऊक होतं.

"बघतोच मी, काय केलंयस ते," म्हणत तोकुजींनी तबक उचललं आणि ते स्वतः रांगेत उभे राहिले. लोक बाजूला सरले, तर खेकसले, "रांग मोडू नका!" आपल्या हातानं उदोन बुडवलं, रस्सा न घेताच बाकावर बसले आणि एक घास घेतला. मग दुसरा. मग तिसरा. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथं भीती दिसू लागली. जिभेवर काहीच नव्हतं!

त्यांनी मान वर केली. समोर रोजच्या गिऱ्हाईक हामाई आजी चहाच्या किटलीतलं गरम पाणी गुपचूप वाडग्यात ओतत होत्या. पलीकडचा टपालवालाही तेच करत होता. शेजारचा शेतकरी उदोन परत पाण्यात बुडवायला निघाला होता. कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

"हामाईबाई, कसं झालंय?"

"फक्कड हो!" आजींनी किटली पाठीमागे दडवली.

"बाई, आज माझ्या लेकीचं श्राद्ध आहे. आज तरी खोटं बोलू नका."

आजींनी वाडगा खाली ठेवला. "खारट झालंय. दोन वर्षांपूर्वी महिनाभर असंच होत होतं. आम्ही आपलं पाणी घालून खायचो. तुमच्या तोंडावर बोलायची छाती कुणाची? मग एक दिवस आपोआप थांबलं. आम्हाला वाटलं, तुम्हाला औषध लागू पडलं."

"मी कसलंच औषध घेतलं नाही," तोकुजी म्हणाले. आज पाणी त्यांनी स्वतः ओतलं होतं. मग इतके दिवस कोण...? ते उठले, धरत धरत ओट्यापाशी आले.

"किती दिवस, हिसाओ?"

"बाबा, गरम फार होतंय, तुम्ही आत बसा..."

"किती दिवस म्हणतो मी!"

"...दोन वर्षं."

"आणि आत्ता मी एवढ्या लोकांत बोललो, तेव्हा तुझी जीभ कुठं गेली होती?"

हिसाओला हुंदका आवरेना. "तुमची वाचवत होतो, बाबा!"

त्या तापट म्हाताऱ्यानं, भरल्या दुकानात, सगळ्या रांगेसमोर, ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि जावयापुढे कपाळ जमिनीला लावलं! "बाबा, उठा, उठा हो!" म्हणत हिसाओ त्यांना ओढत होता; हामाई आजी सगळ्यांदेखत रडत होत्या; आणि ट्रकवाला बिचारा, आपण काय करून बसलो ते न समजून, वाडगा तळापर्यंत संपवत होता.

भिक्षू येऊन गेल्यावर हिसाओनं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"जा," ते म्हणाले. या वेळी आवाज अगदी बारीक होता. "दुकान तीन दिवस बंद ठेवतो. यायचं की नाही ते तिकडे ठरव. इथं नको ठरवूस, इथं तुला माझं तोंड दिसतं."

"मिसाएला शब्द दिलाय मी."

"माझ्या लेकीनं मागितलेलं मी सोडतोय. बापाला तेवढा हक्क आहे."

हिसाओ बेटावर गेला. दोन दिवस भावाच्या होडीवर जाळं ओढलं. पोट भरेपर्यंत वारा प्यायला. भाऊ म्हणाला, "माणूस मला दुसराही मिळेल. पण तुझी जागा आहे, ती आहेच." कुणी बांधलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं... आणि तिसऱ्या संध्याकाळी धक्क्यावर उभं राहून तो त्या पाण्याकडे डोळे भरून बघत राहिला, जसं माणूस आपल्या माणसाकडे निरोप घेताना बघतं.

चौथ्या दिवशी पहाटे त्यानं दुकानाचं दार सरकवलं. दिवा लागला होता. तोकुजी पिठाच्या परातीपुढे बसले होते. एका बाजूला कळशीत नुसतं पाणी, दुसऱ्या बाजूला वाडग्यात नुसतं मीठ. किती वेळ ते तसे बसून होते कोण जाणे.

"आलास?"

"आलो, बाबा."

म्हाताऱ्यानं तोंड फिरवून सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, आणि मग नेहमीसारखे खेकसले, "मग उभा काय राहिलास? तूच घाल मीठ. पीठ मी तुडवतो."