अंतराला डावं-उजवं नसतं

डॉ. मधुकर लांजेवार यांनी पडद्यासमोर मान स्थिर केली, डोळे तिरळे केले आणि प्रयोगशाळेतली कुजबुज थांबली.

नागपूरबाहेरच्या प्रथिनरचना केंद्रात हा रोजचाच सोहळा होता. पडद्यावर एकाच प्रथिनाची दोन चित्रं शेजारी शेजारी असत, किंचित वेगळ्या कोनांतून काढलेली. डोळे तिरळे केले की डावं चित्र उजव्या डोळ्याला मिळे आणि उजवं डाव्याला. दोन्ही एकमेकांत मिसळत आणि प्रथिन पडद्यातून बाहेर येऊन समोर उभं राही. हे जमेपर्यंत नव्या माणसाचं डोकं ठणके, जमलं की सगळे टाळ्या वाजवत. बाहेरची मंडळी केंद्राला 'तिरळ्यांची शाळा' म्हणत आणि लांजेवारांना त्याचा केवढा अभिमान! त्रिमिती चष्मे त्यांनी कपाटात टाकले होते. धडधाकट माणसाला कुबड्या कशाला, असं त्यांचं म्हणणं.

"सातवी बाद," ते डोळे चोळत म्हणाले.

डॉ. अश्लेषा गेडामचा चेहरा उतरला. गोठातापावरची सातवी लस तिची होती. गुरांकडून माणसांत आलेला हा ताप भंडाऱ्याच्या पट्ट्यात धरलेल्या माणसाला सोडत नव्हता, आणि तिचा नवरा नितेश त्याच पट्ट्यात सरकारी पशुवैद्य होता. तो रोज आजारी गुरांच्या गोठ्यात उतरत होता. तिला लस सगळ्यांसाठी हवी होती, पण आधी नितेशसाठी हवी होती, आणि हे ती लपवतही नव्हती.

"सर, पुन्हा एकदा बघा ना. रचनाशोधक नुसती अंतरं मोजतो. अंतरं जुळली म्हणजे आकार जुळलाच असं नाही."

"म्हणून तर मी बघतो, बाई." लांजेवारांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "प्रथिनांच्या सार्वजनिक कोशात माणसाची सगळी प्रथिनं नोंदलेली आहेत. तुझ्या लसीच्या तुकड्यासारखा तुकडा त्यांतल्या कशावर आहे का, हे शोधक अणूंच्या ठिपक्यांमधली अंतरं मोजून सांगतो. झटपट काम. पण अंतराला डावं-उजवं नसतं. डाव्या पायाची चप्पल आणि उजव्या पायाची, मापं घेतलीस तर सारखीच भरतील."

"आणि चप्पल दुसऱ्या पायाची असेल तर धोका नाही."

"नाहीच. प्रतिपिंडं आकार ओळखतात. लसीवर तयार झालेलं प्रतिपिंड आरशातल्या प्रतिमेला चिकटणार नाही. पण तुझ्या सातवीचा तुकडा आणि हृदयाच्या स्नायूवरचा हा तुकडा एकाच पायाचे आहेत. मी पाहिलं. ही लस दिली तर शरीर विषाणू सोडून स्वतःचं हृदय कुरतडत बसेल. तू पण बघ."

अश्लेषानं डोळे तिरळे केले. आधी लसीचा तुकडा पाहिला, मग हृदयाचा. दोन्ही एकसारखे.

आठवी सुरुवातीलाच फसली, आणि काही महिन्यांनी अश्लेषा नववी घेऊन आली.

"आता ही नववी," लांजेवार म्हणाले. "हिच्यावरही शोधकानं बोट ठेवलंय. तेच हृदयाचं प्रथिन, जागा दुसरी." त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग हसले. "ही मात्र आरशातली. बिनधोक. जा, नवऱ्याला फोन कर."

अश्लेषानंही पाहिलं. खरंच उलटी होती. तिच्या जिवात जीव आला.

माकडांवरच्या चाचणीत काही निघालं नाही. माकडाच्या हृदयातलं ते प्रथिन नेमकं त्या जागी वेगळं असतं. एरवी माणसांवरची चाचणी पुढे कितीतरी महिने चालली असती, पण साथीत तेवढा धीर कोणाला? नववी लस भंडाऱ्यात पोचली. लोक घ्यायला बिचकत होते. तेव्हा नितेशनं भर चौकात बाही वर केली. "माह्या बायकोनं बनवली हाय. तिला नवरा नको असता तर तिनं घरीच काही केलं असतं," असं म्हणून त्यानं पहिला डोस घेतला. लोक खो खो हसले आणि रांगेत उभे राहिले. हे त्यानंच तिला फोनवर सांगितलं, वर पुन्हा म्हणाला, "तू आता तिकडची मोठी डॉक्टरीण झाली, मले ओळख दाखवशील ना?"

नवे रुग्ण हळूहळू थांबले. केंद्रात पेढे वाटले गेले. लांजेवारांनी कधी नव्हे ती रजा घेतली आणि लांबणीवर टाकलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून टाकलं.

परत आले ते चिडचिडत. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण द्यायला मनाई केली होती. नाइलाजानं त्यांनी कपाटातला चष्मा काढला, पुसला आणि सवयीनं जुन्या तपासण्या चाळायला बसले. थोड्या वेळानं त्यांनी अश्लेषाला हाक मारली. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"सातवी बघ. चष्म्यातून."

तिनं चष्मा चढवला. यात डोळ्यांची कसरत नव्हती, प्रत्येक डोळ्याला त्याचं चित्र चष्माच पोचवत होता. लसीचा तुकडा ओळखीचा होता. हृदयाचा तुकडा मात्र उलटा होता.

"आरशातली प्रतिमा," ती म्हणाली. "पण सर, आपण दोघांनी पाहिलं होतं."

"दोघांनी तिरळे डोळे करून पाहिलं होतं. आपली चित्रं आपण तिरळ्या नजरेसाठी मांडतो. हृदयाचं चित्र कोशातलं, आणि कोशातली चित्रं सरळ नजरेसाठी असतात, उजव्या डोळ्याचं उजवीकडे, डाव्याचं डावीकडे. पूर्वी तीही आपल्यासारखीच असत. कधी बदलली, मी विचारलंच नाही. ती तिरळं पाहिली की पुढचं मागे जातं आणि मागचं पुढे येतं. आख्खं प्रथिन उलटं होतं. त्यातलं सर्पिल नेहमी उजव्याच पिळाचं असतं, ते दिसलं असतं तर पोरासोरांनाही कळलं असतं. पण तपासणीच्या चित्रात नुसते ठिपके." त्यांनी कपाळाला हात लावला. "चांगली लस होती तुझी. मी फेकून दिली. नववी तयार होईपर्यंत जे मेले, ते माझ्यामुळे मेले, अश्लेषा."

तिला त्यांची दया आली. इतकी वर्षं तिनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या पाठीवर ठेवायला तिनं हात उचलला आणि तो तसाच राहिला. हृदयाचं प्रथिन उलटं दिसत होतं म्हणून सातवी जुळली होती. मग त्याच उलट्या प्रथिनाशी जी जुळली नव्हती, ती?

"सर, नववी लावा."

लांजेवारांनी मान वर केली. त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांची बोटं कळफलकावर चालेनात. तिनंच चित्रं लावली. लसीचा तुकडा, हृदयाचा तुकडा. तिनं ते चष्म्यातून फिरवून फिरवून पाहिले, कुठेतरी फरक सापडावा म्हणून देवाची विनवणी करत पाहिले. ते एकाच पायाचे होते.

पहिल्या डोसानं शरीराला आकाराची नुसती तोंडओळख होते. प्रतिपिंडं थोडी बनतात, ओसरतात, बहुतेक माणसं यातून निभावून जातील. दुसरा डोस ती ओळख कायमची पक्की करतो. एकदा पक्की झाली की ती पुसण्याचा उपाय कोणाजवळ नव्हता, तिच्याजवळही नव्हता. दुसऱ्या डोसाची शिबिरं त्याच आठवड्यात सुरू व्हायची होती.

लांजेवार आरोग्य खात्याला फोन लावू लागले. अश्लेषानं नितेशला लावला.

"बोल," तो ओरडला. मागे माणसांचा गलका होता. "शिबिरात हाओ. लाइन पार शाळेच्या बाहेर गेली. आता बाकीचे खोके उघडून राहिले."

"नितेश, थांबव. कोणालाही देऊ नकोस."

"काहून?"

"लस चुकीची आहे. ती हृदयावर जाते. ज्यांनी एकच डोस घेतलाय ते बहुतेक वाचतील. दुसरा कोणाला द्यायचा नाही. कोणालाच."

गलका तसाच चालू होता. कोणीतरी त्याला डॉक्टरसाहेब म्हणून हाक मारत होतं.

"लोकं घाबरत होते," तो म्हणाला. "म्हून मी दुसरा डोस सकाळीच घेतला. सगळ्यांच्या समोर."

फोनवर त्याचा आवाज दूर गेला, तो लोकांना मोठ्यानं सांगत होता, आज लस नाही, खोके बंद करा, घरी जा. कोणीतरी कुरकुर केली, त्यानं त्याला हसून काहीतरी उत्तर दिलं. मग एक दार लागल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

"हं," नितेश म्हणाला. "आता मले सगळं सांग."