पिशवीखालची पाटी

मतदानाच्या आदल्या सकाळी मार्लिस ट्वेटच्या प्रचाराच्या पाट्या गावभर गायब झाल्या. त्याच अंगणांत, त्याच जागी, एका राजकीय पक्षाच्या पाट्या उभ्या होत्या.

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या एल्म फोर्कला नगरपरिषदेची निवडणूक पक्षाविना होते. घरात कुणी कुठलाही झेंडा पूजावा, पण परिषदेत पक्ष आणणाऱ्याला गाव दारात उभं करत नाही. दुपारपर्यंत लोक मार्लिसला तोंडावर लबाड म्हणू लागले. गाईंचे मोठे गोठे चालवणाऱ्या एका कंपनीला तिचा विरोध होता; ती हरली की गावाच्या विहिरींना लागून त्या कंपनीचं शेणपाणी साठवायचं तळं होणार, हे माहीत असूनही. तळं कुणाच्या शेतात, ते कंपनी सांगत नव्हती.

मार्लिसचा धाकटा भाऊ व्हर्लिन सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. हे काम तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या डेल क्रूगरचंच, असं त्याचं म्हणणं. बहिणीच्या पाट्या त्यानेच रोवल्या होत्या.

पोलीस अधिकारी आयोन हॉगेन धुमसतच अंगणं फिरली. पाट्या म्हणजे तारेच्या चौकटीवर चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. तिने एक तार उपटून पाहिली. हलेना. मागच्या आठवड्यात रविवारी ऊन पडून माती मऊ झाली होती, त्यानंतर गोठून तिचा दगड झाला होता. तारेभोवतीचा बर्फ कुठेच फुटलेला नव्हता.

फक्त व्हर्लिनच्या अंगणात मार्लिसची पाटी शाबूत होती.

"तुझी कशी वाचली?" आयोनने त्याला विचारलं.

"माझा कुत्रा कुणाला येऊ देत नाही."

"चौकटी कुठल्या?"

"नोव्हेंबरच्या, पक्षांच्या निवडणुकीतल्या. फुकट मिळाल्या, टाकायच्या कशाला?"

"रोवल्यास कधी?"

"मागच्या रविवारी. माती मऊ होती ना."

आयोनने त्याच्या पाटीची पिशवी वर ओढली. आत नुसती तार होती.

संध्याकाळी मार्लिसच्या स्वयंपाकघरात तिने भावाबहिणीला समोर बसवलं.

"रात्री कुणी काही रोवलंच नाही," आयोन म्हणाली. "या मातीत तार शिरत नाही आणि निघतही नाही. पक्षाच्या जुन्या पिशव्या त्या रविवारपासून तिथेच होत्या, मार्लिसच्या नावाखाली. काल रात्री फक्त वरच्या ओढून काढल्या. खाली काय आहे ते चौकटी लावणाऱ्यालाच ठाऊक. आपल्या अंगणातली जुनी पिशवी मात्र यानं आधीच काढून ठेवली. स्वतःच्या दारात पक्ष नको होता साहेबांना."

चोराच्या उलट्या बोंबा एकदाच्या थांबल्या.

"शेत माझं आहे, ताई," व्हर्लिन म्हणाला. "तू निवडून आलीस तर कंपनी घेणार नाही."

"त्या विहिरींचं पाणी तुझी पोरंही पितात," मार्लिस म्हणाली.

तिने उठून मोठी किटली शेगडीवर चढवली. पाणी उकळल्यावर ती त्याच्या हातात दिली.

"गरम पाणी ओतलं की तार सुटते. पण आधी दार वाजवायचं आणि काय केलंस ते सांगायचं. प्रत्येक घरी."

"लोक मला काय म्हणतील?"

"दुपारपासून मला म्हणतायत तेच."