आठ-चाळीसची तपासणी

माझ्याकडे संगणक सोपवताना कोण काय सांगतं, याची मी मनातल्या मनात एक वही ठेवतो. पहिल्या रकान्यात 'काही हरवता कामा नये' म्हणणारे. दुसऱ्यात 'सगळं पुसा, कटकट नको' म्हणणारे. त्यांतले निम्मे दुसऱ्या दिवशी फोन करून फोटो परत मागतात. तिसरा रकाना लहान आहे. 'नवं करा, पण आहे तसंच ठेवा' म्हणणाऱ्यांचा. ही मंडळी घरात आलेल्या सुनेकडूनही हेच मागतात.

कानतपासणीच्या बाई तिसऱ्या रकान्यातल्या.

त्यांचं क्लिनिक चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत नोंदणीला त्यांची आत्या बसायची. समोरच्याला ऐकू येतंय की नाही हे न पाहता ती प्रत्येकाशी ओरडूनच बोलायची. तीस वर्षं याच खुर्चीत काढल्यावर दुसरं काय होणार. मधल्या खोलीत बाईंचं टेबल आणि तपासणीचा संगणक. त्याच्या पलीकडे बूथ. भिंतींना छिद्रांचा करडा पत्रा, फ्रीजसारखं जाड दार, बघायला वीतभर काच. आत एक खुर्ची, हेडफोन आणि वायरला लटकणारं बटण. आवाज ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. दार लावलं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू यायचं.

क्लिनिक बाईंच्या वडिलांचं. गावभर त्यांना 'कानवाले' म्हणत. आठ महिन्यांपूर्वी ते गेले.

अडचण साधी होती. संगणकावरची प्रणाली इतकी जुनी झाली होती की बनवणाऱ्यांनीच तिची जबाबदारी झटकली होती. आठवड्याने परवान्याच्या नूतनीकरणाला तपासनीस येणार होते आणि जुन्या प्रणालीवर परवाना मिळणार नव्हता. नवी चढवावी, तर कानवाल्यांनी वर्षानुवर्षं जुळवलेली मापं जाण्याची भीती. यंत्राने कोणता सूर किती जोरात दाखवला म्हणजे तो खरा किती जोरात वाजला, याची ती मापं. ती गेली तर बाहेरचा माणूस येऊन पुन्हा जुळवेपर्यंत तीन महिने दाराला कुलूप. बाई आणि आत्या, दोघींचं पोट त्या दारावर.

मी म्हटलं, काळजी नको. चढवताना संगणक स्वतःच विचारतो, काय ठेवायचं. सगळं, फक्त फाइली, की काहीच नाही. मी 'सगळं' निवडलं. सोमवारी दुपारी अडीच तास लागले. मापं जागच्या जागी, माउसच्या बाणाचा वेगसुद्धा वडिलांच्या हाताचाच. नाहीच पटलं तर दहा दिवसांत जुन्यावर परत जाता येतं, असंही सांगितलं. आत्या म्हणाली, "लग्नात ही सोय असती तर बरं झालं असतं."

मंगळवारी साडेनऊला बाईंचा फोन. नोंदींत एक जास्तीची तपासणी दिसतेय.

मी गेलो. नोंद सकाळी आठ-चाळीसची होती, कानवाल्यांच्या नावावर.

इथे त्यांची एक सवय सांगायला हवी. यंत्र हळूहळू खोटं बोलायला लागतं, आणि ते खोटं ओळखीच्या कानालाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पेशंट यायच्या आधी, रोज आठ-चाळीसला, ते स्वतः बूथमध्ये बसायचे. संगणक आपोआप सूर वाजवी, ते बटण दाबत, आलेख उमटे. तो कालच्यासारखाच आला तर यंत्र खरं. एकतीस वर्षांत सुट्टी नाही. ते गेल्यावर बाईंनी ती आपोआप तपासणी बंद केली आणि यंत्र तपासायला दुसरं यंत्र आणलं. आत्याला ते पटलं नव्हतं. चोरावर चोरच पहारा ठेवणार का, असं तिचं मत.

मला नवल वाटलं नाही. बंद केलेली जुनी वेळापत्रकं नव्या प्रणालीत कधीकधी पुन्हा जागी होतात. सूर रिकाम्या खोलीत वाजले असणार. पण रिकाम्या खोलीत बटण कोण दाबणार? नोंद कोरी हवी होती. तिथे दोन्ही कानांचा पुरा आलेख होता.

बटण अडकलं असेल म्हणून मी नवं बसवलं. वेळापत्रक बंद केलं. बुधवारी पुन्हा आठ-चाळीसची नोंद. मग मी बटणाची वायरच काढून खिशात घातली आणि घरी गेलो. गुरुवारी नोंद होती. वायर माझ्या खिशात होती.

आत्याने चष्मा लावून आलेख पाहिला. डाव्या कानाच्या रेषेत एका जागी खोल खड्डा होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

"हा माझा," ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू बोलली. "सात वर्षांची होते. त्याच्या कानाला लावून शिट्टी फुंकली होती. जन्मभर त्याने मला तो खड्डा दाखवला."

बाईंनी तिला चहा करायला पाठवलं. मला म्हणाल्या, जुन्याच नोंदी नव्या तारखेने उमटत असतील. मीही मान डोलावली. दोघांनाही ते हवंच होतं.

पण जुनी नोंद असती तर ती बदलली नसती. आलेखात आकडा जितका कमी, तितका कान तल्लख. कानवाल्यांचा शेवटचा आकडा चाळीस होता. म्हातारपण म्हटलं की तेवढा येतोच. मंगळवारी पस्तीस. गुरुवारी वीस. शनिवारी पाच, म्हणजे तरण्याताठ्या माणसाचा कान. रविवारी क्लिनिक बंद होतं, बाईंनी मेन स्विचही पाडला होता. सोमवारी येऊन पाहतात तर रविवारची नोंद शून्याची. खड्डा बुजला होता. आत्याने ते पाहिलं आणि त्या दिवसापासून ती कोणाशीच ओरडून बोलेना. पेशंट तिच्या तोंडाकडे पाहत उभे राहू लागले.

मलाही चैन पडेना. दुसऱ्यांच्या दुकानांत काम करता करता मी शीळ घालायचो, ते थांबलं. घरात भांडं वाजलं की मानेत कळ येई. बायको म्हणाली, चोरून काही खाल्लंय का?

मी बाईंना म्हटलं, जुन्यावर परत जाऊ. अजून तीन दिवस आहेत. परत गेलं की ही नोंदवही जाईल. मापंही जातील, कारण चढवताना दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून नव्यात आलीत आणि परत जाताना ते गाठोडंच पुसलं जातं. पण हे थांबेल.

"उद्या तपासनीस येणार," बाई म्हणाल्या. "आज मापं घालवू?"

तपासनीस मंगळवारी आले. टक्कल, बॅग, तोंडात सतत पेन. नवी प्रणाली पाहिली, मापं पाहिली, आणि मग रोजच्या तपासणीच्या नोंदींशी थांबले. त्यांनी पेन तोंडातून काढलं. हल्ली कोणी स्वतःच्या कानाने यंत्र तपासत नाही, म्हणाले, फार वर्षांनी पाहतोय. कोणाचा कान?

बाईंनी बूथच्या काचेकडे पाहिलं.

"घरचाच," त्या म्हणाल्या.

पाच वर्षांचा परवाना मिळाला. शेऱ्यात लिहिलं होतं, रोजची तपासणी उत्कृष्ट, अशीच चालू ठेवावी.

ते गेल्यावर मी पुन्हा विषय काढला. बाईंनी मला जिन्यात नेलं, खालचं दार ओढून घेतलं आणि कुजबुजल्या की आता नोंदी पुसता येणार नाहीत, त्यांच्यावरच सही झालीय. एवढं सांगायला जिन्यात का यावं लागलं, हे मी विचारलं नाही.

बुधवारी आकडा उणे दहा आला. त्याच्या खाली ते यंत्र जातच नाही.

गुरुवारी, म्हणजे दहाव्या दिवशी, नोंद आली नाही. बाईंचा आवाज फोनवर हलका वाटला. दुपारी संगणकाने स्वतःहून सांगितलं, परत जाण्याची मुदत संपली.

शुक्रवारी मी साडेआठला नाश्त्याला बसलो. बायकोने विचारलं, इतके दिवस तोंड का पाडलंय. मी म्हटलं, "त्या म्हाताऱ्याला पुसून टाकायला हवं होतं. बाईंनी ऐकलं नाही." एवढंच बोललो. पुढचं गिळलं. तिला सांगितलं असतं तर तिने जाऊ दिलं नसतं.

क्लिनिक माझ्या घरापासून सात किलोमीटर.

नऊला फोन आला. बाई फक्त "या" म्हणाल्या.

आत्या खुर्चीत नव्हती. बूथचं दार बंद होतं.

संगणकावर आजची नोंद उघडी होती. सुरांची नव्हती. शब्दांची चाचणी होती. यात यंत्र दहा शब्द बोलतं, पेशंट ते ऐकून पुन्हा म्हणतो. डावीकडे बोललेले शब्द, उजवीकडे ऐकलेले.

डावा रकाना कोरा होता.

उजव्यात होतं: त्या. म्हाताऱ्याला. पुसून. टाकायला. हवं. होतं. बाईंनी. ऐकलं. नाही.

नऊ झाले. खाली दहावा होता: उद्या.

तो मी बोललो नव्हतो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडेच पाहत, अगदी हळू, त्यांनी विचारलं,

"उद्या काय आहे?"